संशोधन प्रकल्पाचे संदर्भ : कुठे शोधावेत, कसे पारखावेत, कसे नोंदवावेत

पदवीच्या शेवटच्या वर्षात किंवा पदव्युत्तर वर्गात संशोधन प्रकल्प हाती आला की बहुतेक विद्यार्थी विषयाचे नाव गुगलमध्ये टाकतात, वर आलेल्या चार-पाच पानांवरून मजकूर जमवतात आणि शेवटी ‘संदर्भ : इंटरनेट’ एवढी एक ओळ लिहून मोकळे होतात. परीक्षकाच्या दृष्टीने ही ओळ असून नसल्यासारखीच असते. तुमचे वाक्य ज्या कागदावर, आकड्यावर किंवा मुलाखतीवर उभे आहे, तिथपर्यंत वाचणाऱ्याला स्वतः जाता यावे, यासाठी संदर्भ द्यायचा असतो. साधने शोधणे, पारखणे आणि नोंदवणे ही तिन्ही कामे याच एका गरजेतून येतात, त्यामुळे ती एकामागून एक न करता बरोबरीनेच करावी लागतात. पुढील उदाहरणे सोलापूरची घेतली आहेत, कारण पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या परिसरातील विद्यार्थी यंत्रमाग, विडी कामगार, १९३० चा मार्शल लॉ (लष्करी अंमल), डाळिंब असे जवळचे विषय सहसा निवडतात, आणि जवळच्या विषयांतच ऐकीव माहिती सर्वांत जास्त खपून जाते.

विषयाचा प्रश्न करा

‘सोलापूरचा यंत्रमाग उद्योग’ हे केवळ विषयाचे नाव आहे, त्यात शोधण्याजोगा प्रश्न अजून नाही. ‘अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतले यंत्रमागधारक चादरीकडून टॉवेलकडे कोणत्या कारणांनी वळले?’ असे विचारले की कोणती साधने लागतील हे आपोआप दिसू लागते : कारखानदारांच्या आणि कामगारांच्या मुलाखती, उत्पादनाची आकडेवारी, सुताच्या दरांविषयीच्या बातम्या, वस्त्रोद्योग धोरणाचे शासन निर्णय, आणि या उद्योगावर आधी झालेले प्रबंध. प्रश्न ठरत नसेल, तर विषयाची ओळख करून देणारे दोन-तीन लेख वाचण्यापुरता वेळ काढावा. मराठी विश्वकोशातील नोंदी या कामाला चांगल्या आहेत आणि त्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात.

प्रश्न ठरल्यावर शोधशब्दांची यादी कागदावर करावी. हे काम क्षुल्लक वाटते, पण सोलापूरच्या अभ्यासात ते टाळले तर निम्मी साधने नजरेआड राहतात. ब्रिटिश काळातील इंग्रजी कागदपत्रांत आणि पुस्तकांत शहराचे नाव ‘शोलापूर’ असे, म्हणजे एस नंतर एच घालून, लिहिलेले असते. केवळ आजचे स्पेलिंग टाकून शोधले तर जुने गॅझेटियर (जिल्ह्याची माहिती देणारे सरकारी ग्रंथ), गिरण्यांचे अहवाल आणि १९३० ची सरकारी कागदपत्रे यांपैकी बरेचसे समोरच येत नाही. विडीचेही तसेच आहे, कारण इंग्रजीत ती कुठे एका आयने तर कुठे दोन ईंनी लिहितात. मराठीत यंत्रमाग आणि पॉवरलूम, हातमाग आणि हँडलूम असे दोन्ही शब्द वापरून शोधावे. नेमका शब्दसमूह हवा असेल तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत टाकावा.

शोध ग्रंथालयापासून सुरू करा

मोबाइलच्या आधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाण्याचा आग्रह जुनाट वाटेल, परंतु त्यामागे व्यावहारिक कारण आहे. ग्रंथालयाच्या संगणकीय तालिकेत, म्हणजे ओपॅकमध्ये, एक उपयुक्त पुस्तक सापडले की त्याचा वर्गांक घेऊन मांडणीपाशी जावे आणि त्याच्या डावी-उजवीकडची पुस्तके उघडून पाहावीत. वर्गांकानुसार एकाच विषयाची पुस्तके शेजारी लावलेली असल्याने, तालिकेत ज्यांचे नाव तुम्हाला सुचले नसते अशी पुस्तके तिथे हाताला लागतात. ग्रंथपालांना ‘यंत्रमागावर काही आहे का’ असे मोघम न विचारता आपला प्रश्न पूर्ण वाक्यात सांगावा. त्याच वेळी महाविद्यालयाने ‘एन-लिस्ट’ या योजनेचे सदस्यत्व घेतले आहे का, हेही विचारून घ्यावे. घेतलेले असेल तर ग्रंथपालांकडून मिळणाऱ्या लॉगिनवर हजारो ई-नियतकालिके आणि ई-पुस्तके घरबसल्या वाचता येतात. ही सोय असूनही कित्येक विद्यार्थ्यांना तिचा पत्ताच नसतो, आणि जे लेख महाविद्यालयामार्फत विनामूल्य मिळतात त्यांच्यासाठी ते संकेतस्थळांवर पैसे मागणाऱ्या पानापाशी अडून बसतात.

शहरातील हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी सार्वजनिक ग्रंथालये स्थानिक पुस्तके, स्मरणिका आणि गौरवग्रंथ यांसाठी पाहावीत. बँका, शिक्षणसंस्था आणि कामगार संघटना यांच्या स्मरणिका कोणत्याही ऑनलाइन साठ्यात क्वचितच येतात, पण स्थानिक इतिहासाचे कितीतरी तपशील तिथेच छापलेले असतात.

यानंतर ऑनलाइन साधनांकडे वळावे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंधांचे भांडार आहे. तिथे प्रबंधाची प्रकरणे स्वतंत्र पीडीएफ फायलींत मिळतात, म्हणून आधी शेवटची, संदर्भसूचीची फाईल उघडावी. एखाद्या संशोधकाने तुमच्याच विषयावर वर्षानुवर्षे घालवून जमवलेल्या साधनांची ती तयार यादी असते, आणि बऱ्याचदा प्रबंधातील निष्कर्षांपेक्षा तीच अधिक उपयोगी पडते. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आणि गुगल स्कॉलर हेही पाहावेत. स्कॉलरवर एखाद्या लेखाखाली तो नंतर कोणी कोणी उद्धृत केला याची जोडणी असते, त्यामुळे जुन्या लेखापासून नव्या संशोधनाकडे येता येते.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आणखी काही दारे उघडी आहेत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा विसावा खंड शोलापूर जिल्ह्यावर असून तो १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्या काळचे पीकपाणी, बाजारपेठा, विणकरांची स्थिती आणि दुष्काळ यांचे तपशील आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर नोंदणी करून ब्रिटिशकालीन सरकारी फायली वाचता येतात. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ‘ग्रंथसंजीवनी’ हे डिजिटल भांडार जुन्या ग्रंथांसाठी आणि वृत्तपत्रांसाठी पाहण्यासारखे आहे. ब्रिटिश संसदेतील चर्चांचे अधिकृत वृत्तांत, म्हणजे हॅन्सार्ड, पूर्णपणे खुले असून १९३० मधील शोलापूरविषयीची प्रश्नोत्तरे त्यात मिळतात.

विकिपीडिया वाचू नये, असे कोणीही सांगू नये. तो वाचावा, त्याच्या तळटिपांवरून मूळ साधनांकडे जावे आणि संदर्भ त्या मूळ साधनाचा द्यावा.

पारख : एक आकडा आणि एक आख्यायिका

साधन खरे की खोटे, असा प्रश्न फारसा उपयोगाचा नसतो. हे साधन माझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला कितपत लायक आहे, असे विचारावे. ते कोणी, कधी, कोणासाठी आणि कशाच्या आधारे तयार केले हे पाहिल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही. दोन उदाहरणे सविस्तर पाहू.

जनगणनेनुसार सोलापूर शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये ६,०४,२१५ होती आणि २००१ मध्ये ती ८,७२,४७८ झाली. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘या दशकात रोजगारासाठी सोलापुरात प्रचंड स्थलांतर झाले’ असा निष्कर्ष काढणे फार सोपे आहे. आकडे अस्सल आहेत, साधन सरकारी आहे, आणि तरीही निष्कर्ष टिकत नाही, कारण १९९२ मध्ये महापालिकेची हद्दवाढ होऊन आजूबाजूची गावे शहरात आली. म्हणजे दोन्ही वेळा मोजलेले ‘सोलापूर’ एकच नव्हते. २००१ ते २०११ या पुढच्या दशकात शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ वर गेली, म्हणजे वाढ ८० हजारांच्याही आत राहिली. दोन दशकांतील या फरकानेच अभ्यासकाच्या मनात शंका यायला हवी. आकडा उतरवून घेताना त्याची व्याख्या, मोजणीचे क्षेत्र आणि वर्ष या तीन गोष्टी त्याच्या शेजारी लिहाव्यात. जनगणनेची जिल्हा पुस्तिका वापरली तर हे तपशील तिथेच मिळतात, एखाद्या संकेतस्थळावरून नुसता आकडा उचलला तर मिळत नाहीत. आणखी एक सूचना : २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे ‘२०२१ च्या जनगणनेनुसार’ असे म्हणून सोलापूरची नेमकी लोकसंख्या सांगणारे पान दिसले, तर त्या पानावरील बाकीच्या माहितीवरही विसंबू नये.

दुसरे उदाहरण अधिक नाजूक आहे. १९३० च्या मे महिन्यात सोलापूर तीन दिवस स्वतंत्र होते, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते आणि ९, १० व ११ मे या तारखा अनेक लेखांत येतात. घटनाक्रमाचा सांगाडा पक्का आहे : ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली, ८ मे रोजी सोलापुरात गोळीबार झाला, १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली. अवघड भाग येतो तो मधल्या दिवसांचा. ‘स्वतंत्र’ म्हणजे नेमके काय? पोलीस रस्त्यावरून हटले होते, की शहराचा कारभार कोणी तरी हाती घेतला होता? सरकारी फायलींत याच दिवसांचे वर्णन दंगल आणि अराजक अशा भाषेत येणार, कारण मार्शल लॉ लावणे कसे भाग पडले हे लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला वरिष्ठांपुढे दाखवायचे होते. राष्ट्रीय चळवळीच्या बाजूने झालेल्या लेखनात तेच दिवस लोकांच्या राज्याचे होतात. पुढे कित्येक वर्षांनी लिहिलेल्या आठवणींतून त्या दिवसांचे वातावरण चांगले कळते, परंतु तारखांच्या बाबतीत त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. यांपैकी एकही साधन टाकून देऊ नये. प्रत्येकाचे म्हणणे त्याच्या नावावर मांडावे, म्हणजे ‘सरकारी अहवालानुसार’, ‘अमुक कार्यकर्त्याच्या आठवणींनुसार’ असे लिहावे, आणि जे सर्व बाजूंना मान्य आहे तेवढेच आपल्या नावावर सांगावे.

याच विषयावर इंटरनेटवर पाच लेख सापडले आणि पाचही जण तेच सांगतात, म्हणून माहितीची खात्री झाली, असे समजू नये. पाचही लेखांतील एखादे वाक्य शब्दशः सारखे आहे का, एखादी चूक सर्वत्र तशीच उतरली आहे का, हे पाहावे. तसे असेल तर ते पाच संदर्भ नसून एकाच संदर्भाच्या पाच नकला आहेत. अनोळखी संकेतस्थळ पाहताना त्याचे ‘आमच्याविषयी’ हे पान वाचत बसण्यापेक्षा दुसरी टॅब उघडून त्या संस्थेविषयी किंवा लेखकाविषयी इतर लोक काय म्हणतात ते शोधावे. स्वतःविषयी वाईट लिहिणारे संकेतस्थळ अद्याप पाहण्यात नाही.

संशोधन पत्रिकांच्या बाबतीत सावधगिरी वेगळ्या कारणाने लागते. पैसे घेऊन, परीक्षण न करता, आठवड्याभरात लेख छापून देणाऱ्या पत्रिका पुष्कळ आहेत आणि त्यांची नावे नामवंत पत्रिकांशी मुद्दाम मिळतीजुळती ठेवलेली असतात. चांगल्या पत्रिकांची विद्यापीठ अनुदान आयोगाने चालवलेली ‘यूजीसी-केअर’ यादी आयोगाने २०२५ मध्ये बंद केली आहे, त्यामुळे केवळ ‘केअर लिस्टेड’ असे मुखपृष्ठावर छापलेले पाहून समाधान मानता येणार नाही. संपादक मंडळातील माणसे खरोखर त्या विषयातली आहेत का, एकाच अंकात रसायनशास्त्र, मराठी कविता आणि बँकिंग शेजारी शेजारी आहेत का, लेखाला संदर्भसूची आहे का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या चॅटबॉटकडे संदर्भ मागितले, तर ते लेखकाचे नाव, वर्ष, पत्रिका आणि पृष्ठांक यांसह अगदी व्यवस्थित दिसणारी, पण अस्तित्वातच नसलेली नोंद तयार करू शकतात. न्यूयॉर्कमधील वकिलांनी अशा बनावट निवाड्यांचे दाखले २०२३ मध्ये न्यायालयात सादर केले आणि त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. शोधशब्द सुचवून घेण्यासाठी किंवा अवघड इंग्रजी उतारा समजून घेण्यासाठी ही साधने वापरायला हरकत नाही. परंतु त्यांनी दिलेला एकही संदर्भ ओपॅक, गुगल स्कॉलर किंवा प्रत्यक्ष पुस्तक यांत सापडल्याशिवाय यादीत घेऊ नये.

टिपणे घेतानाच संदर्भ लिहा

पुस्तक हातात आल्यावर मजकुराचा फोटो काढण्याआधी मुखपृष्ठाच्या आतील नामपृष्ठाचा आणि त्याच्या मागच्या पानाचा फोटो काढावा. प्रकाशक, प्रकाशनस्थळ, पहिल्या आवृत्तीचे वर्ष आणि तुमच्या हातातील आवृत्तीचे वर्ष हे सगळे त्या मागच्या पानावर असते, आणि टंकलेखनाच्या शेवटच्या रात्री नेमके तेच सापडत नाही. वृत्तपत्राच्या बांधीव खंडातून ‘संचार’सारख्या दैनिकाची बातमी टिपताना बातमीबरोबरच पानाच्या माथ्यावरची तारखेची ओळही एकाच फोटोत आली पाहिजे, नाहीतर घरी गेल्यावर हाती चौदा कात्रणांचे फोटो असतात आणि तारीख एकाचीही नसते.

टिपणात स्वतःचे शब्द आणि लेखकाचे शब्द वेगळे राहिले पाहिजेत. जसाच्या तसा उतरवलेला मजकूर अवतरणचिन्हांत आणि पृष्ठांकासह लिहावा, सारांश असेल तर तसे नोंदवावे, आणि स्वतःला सुचलेला विचार वेगळ्या रंगाने लिहावा. वाङ्मयचौर्याची बहुतेक प्रकरणे चोरीच्या इराद्याने होतात असे नाही. दोन महिन्यांपूर्वी उतरवलेले वाक्य आपलेच वाटून प्रबंधात जाते. मात्र नियम इरादा विचारत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधाचे इतर लेखनाशी असलेले साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते. ४० ते ६० टक्के असेल तर सुधारित प्रत वर्षभर देता येत नाही. आणि त्याहून अधिक असेल तर नोंदणीच रद्द होते. अवतरणचिन्हांत व संदर्भासह दिलेला मजकूर आणि संदर्भसूची यांची गणना या साम्यात होत नाही. चार शब्द इकडचे तिकडे करून वाक्य ‘आपले’ होत नाही, हेही इथेच सांगितले पाहिजे : कल्पना दुसऱ्याची असेल, तर शब्द पूर्णपणे आपले असले तरी संदर्भ द्यावाच लागतो.

नोंदींची शिस्त

कोणती पद्धत वापरायची हे आधी मार्गदर्शकांना विचारावे. भाषा-साहित्याच्या विभागांत एमएलए, समाजशास्त्र-मानसशास्त्र-वाणिज्य यांत एपीए आणि इतिहासात तळटिपांची शिकागो पद्धत जास्त दिसते. कोणतीही चालेल, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच चालवावी. मराठी संदर्भांत आडनाव आधी, मग नाव, वर्ष, ग्रंथनाम, प्रकाशनस्थळ आणि प्रकाशक असा क्रम ठेवता येतो. व्यक्तीऐवजी संस्था लेखक असेल तर संस्थेचे नाव पुढे येते. उदाहरणार्थ, ‘मुंबई इलाखा सरकार (१८८४), गॅझेटियर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी, खंड २० : शोलापूर, मुंबई : गव्हर्नमेंट सेंट्रल प्रेस’. मराठी आणि इंग्रजी ग्रंथ एकाच यादीत मिसळले की वर्णानुक्रमाचा घोळ होतो, म्हणून दोन स्वतंत्र याद्या कराव्यात.

शासन निर्णयाच्या शेवटी त्याचा संकेतांक छापलेला असतो. विभागाचे नाव, निर्णयाचा क्रमांक, दिनांक आणि हा संकेतांक दिला की वाचकाला तो नेमका शासन निर्णय काढता येतो. नुसते ‘शासनाच्या धोरणानुसार’ म्हणून काहीही कळत नाही. ऑनलाइन लेखाला डीओआय क्रमांक (त्या लेखाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक) असेल तर लांबलचक पत्त्याऐवजी तोच द्यावा. साध्या संकेतस्थळाच्या बाबतीत पाहिल्याची तारीख लिहावी आणि ते पान ‘वेबॅक मशीन’ या, संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साठ्यात जतन करून ठेवावे, कारण सरकारी संकेतस्थळे बदलली की जुने पत्ते बंद पडतात.

मुलाखती हा सोलापूरच्या प्रकल्पांचा मोठा आधार असतो आणि त्यांच्या नोंदी सर्वांत ढिल्या असतात. पूर्व भागातील विणकर कुटुंबांत किंवा विडी वळणाऱ्या बायकांशी बोलताना संभाषण तेलुगूत, तर कधी कन्नड किंवा दखनीत होते आणि प्रकल्पात मात्र अस्खलित मराठी अवतरण छापले जाते. मुलाखत कोणत्या भाषेत झाली, मराठी कोणी केले, कुठे आणि कोणत्या तारखेला झाली, हे लिहिणे आवश्यक आहे. बोलणाऱ्याला प्रकल्पाचा हेतू सांगून संमती घ्यावी. कारखान्याविषयी तक्रार सांगणाऱ्या कामगाराचे नाव छापल्याने त्याच्या पोटावर पाय येऊ शकतो, म्हणून ‘यंत्रमाग कामगार, पुरुष, पन्नाशीतील’ एवढीच ओळख द्यावी आणि खरे नाव आपल्या वहीत ठेवावे.

जे पुस्तक पाहिले नाही, त्याचा थेट संदर्भ देऊ नये. एखाद्या प्रबंधात जुन्या अहवालातील उतारा सापडला आणि मूळ अहवाल मिळाला नाही, तर मूळ अहवालाचे नाव लिहून पुढे ‘अमुक प्रबंधात उद्धृत, पृष्ठ तमुक’ असे सांगावे आणि यादीत तो प्रबंधच घ्यावा.

नोंदी सांभाळायला झोटेरो हे विनामूल्य सॉफ्टवेअर चांगले आहे, परंतु मराठी नोंदींत ते ‘आणि इतर’ऐवजी इंग्रजी संक्षेप उमटवू शकते आणि नाव-आडनावाची अदलाबदल आपोआप ओळखत नाही, म्हणून त्याने तयार केलेली यादी एकदा ओळीने वाचावी लागते. प्रत बांधणीला देण्यापूर्वी छापील प्रत आणि पेन्सिल घेऊन बसावे, मजकुरातील प्रत्येक संदर्भ यादीत आहे का हे पाहून खूण करावी, आणि ज्या नोंदीला शेवटपर्यंत खूण झाली नाही ती यादीतून काढून टाकावी.